पंचविसावी शेंग

मी माझ्या सासऱ्यांचे बारा दिवस खाल्ले. गुळाबरोबर खाल्ले. तेरावा खिशात घातला आणि विसरून गेलो.

सासरे फौजेतले पेन्शनर. मूळचे अलिबागेकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवार पाळणाऱ्या तेल्यांच्या घराण्यातले. पण पलटणीबरोबर बेळगावच्या कँपात आले आणि पेन्शन घेतल्यावर खासबागेत एका विणकर विधवेच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले. मीही त्याच समाजातला, पण समाजाला माझा कधी फारसा उपयोग झाला असं कुणी म्हणणार नाही. मी गुंजीला एका लाकडाच्या वखारीत कारकून होतो. आठवडाभर तिकडे लाकडं मोजायची आणि शुक्रवारी दुपारच्या गाडीने बेळगावला यायचं. शेठ भला माणूस. रविवारऐवजी शनिवारची सुट्टी द्यायचा. बायको वडिलांजवळच राहायची. मला घरजावई कुणी म्हणत नसे, कारण मी घरात असायचोच किती.

आता दिवस खाल्ले म्हणजे काय, ते सांगतो.

पेसाह हा आमचा सण. आमचे पूर्वज मिसर देशातल्या गुलामीतून सुटले, त्याचा. आणि शाबुओथ हा दुसरा. सुटलेल्या त्या लोकांना देवाने डोंगराखाली उभं करून आपलं नियमशास्त्र दिलं, त्याचा. दोन्हींच्या मध्ये सात आठवडे. पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून रोज सूर्य मावळला की उभं राहायचं, बेराखा म्हणायची, म्हणजे देवाचे आभार मानायचे, आणि मोठ्याने सांगायचं: आज इतके दिवस झाले, म्हणजे इतके आठवडे आणि वर इतके दिवस. एकोणपन्नास भरले की दुसऱ्या दिवशी शाबुओथ. याला ओमेर मोजणं म्हणतात.

ऐकायला सोपं आहे. मलाही सोपंच वाटायचं, म्हणून मी दर वर्षी तिसऱ्या दिवशी विसरायचो.

पण त्याला एक नियम आहे. रात्री मोजायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत मोजता येतं, फक्त बेराखा म्हणायची नाही. पुढच्या रात्रीपासून पुन्हा बेराखेसकट चालू. पण तो सूर्यही हातातून गेला, तर साखळी तुटली. मग पुढचे आकडे नुसते म्हणायचे, बेराखेशिवाय, शेवटपर्यंत. चुकीचा आकडा म्हटला तर तोही न म्हटल्यासारखाच.

सासऱ्यांच्या आयुष्यात ही साखळी कधीच पुरी झाली नव्हती. पोरपणी त्यांच्या गावात हे कुणाला नीट माहीत नव्हतं. पलटणीत असताना एका कोचीनच्या गुरुजींनी शिकवलं, तेवढ्यात बसऱ्याची लढाई लागली. तिथे तुर्कांनी पकडलं, वाळवंटातून चालवलं आणि दोन वर्षं कैदेत ठेवलं. परत आले तर मलेरिया. एक वर्ष तापात तीन दिवस शुद्ध नव्हती. एक वर्ष चाळिसाव्या दिवशी सासूबाई गेल्या, आणि घरात मयत असताना मोजायचं नसतं. एक वर्ष म्हणे मीच लग्नाची बोलणी करायला आलो आणि इतका वेळ बोलत बसलो की बोलण्यातच दुसरा दिवस मावळला. हे शेवटचं मला मान्य नाही, पण घरात सगळ्यांना मान्य आहे.

त्या वर्षी त्यांनी नवस केला. एकोणपन्नास पुरे झाले, सगळे बेराखेसकट, तर एलियाहू हनाबीच्या, आमच्या नवसाला पावणाऱ्या संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करीन. पोहे, खोबरं, साखर आणि पाच फळं. नवस मोठा नव्हता, पण माणूस सत्तरीला आला होता, छाती भात्यासारखी वाजत होती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बायको मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली होती, "बाबांना पुढचं साल दिसंल असं त्यांनाच वाटत न्हाय. तुमी जरा जपून ऱ्हावा." मी म्हणालो, मी काय करणार आहे? ती म्हणाली, "तेच न्हवं, काय करशिला ते कळत न्हाय म्हणूनच सांगत्ये."

या मोजण्याची एक गंमत होती आणि ती मी भरपूर वापरली. सूर्य मावळल्यावर, बेराखा म्हणायच्या आधी, कुणी विचारलं "आज कितवा?" आणि तुम्ही "आज अमुकवा" असं बोलून गेलात, तर ते बोलणंच मोजणं ठरतं. त्या रात्रीची बेराखा गेली. म्हणून माहीतगार माणूस आजचं सांगतच नाही. मी ओट्यावर सासऱ्यांना गाठायचो आणि साळसूदपणे विचारायचो,

"मामा, आज कितवा हो?"

"काल अठरा होते," म्हातारा हातपाय धुता धुता म्हणायचा.

"ते काल. आज?"

"शनिवार मावळला, आज रविवार लागला, जावईबापू. झोपा, पहाटेची गाडी चुकेल."

असे ते. मला कधी सापडले नाहीत.

सुरुवातीला ते चिंचोक्यांवर मोजायचे. रोज मोजून झालं की एक चिंचोका डब्यात. मी म्हटलं, मामा, हे उलटं करा. आधीच एकोणपन्नास डब्यात घाला आणि रोज एक काढा. डबा रिकामा झाला की सण. किती राहिले ते हात घातला की कळेल. लाकडाच्या वखारीत आम्ही असंच करतो, असंही सांगितलं. मला वाटलं, जावयाची हुशारी बघून खूश होतील.

त्यांनी डबा ओढून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "एकेक कमी करत जाणारा माणूस मी बघितलाय. कैदेत आमच्या बराकीतला एक जण भिंतीवर रेघा ओढून रोज एक पुसायचा. कधी सुटणार ते त्याला माहीत नव्हतं, तरी पुसायचा. त्याला वाटायचं, दिवस संपले पाहिजेत." आणि मग, "ते तुर्क आम्हाला रोज सकाळी मोजायचे. काठीने. एक, दोन, तीन. संध्याकाळी परत. दोन वर्षं मी मोजला गेलो, जावईबापू. किती दिवस झाले ते मात्र मला कधी कळलं नाही. दिवस त्यांचा होता, मी त्यांच्या दिवसातलं एक डोकं. सुटलो तेव्हा कुणीतरी विचारलं, आज वार कोणता? मला सांगता आलं नाही. पेसाह येऊन गेला होता की यायचा होता तेही नाही."

मी उगाच डब्याचं झाकण पुसलं.

"मिसरमधून सुटले ते एका रात्रीत सुटले," ते म्हणाले. "पण सकाळी उठले तेव्हा दिवसाचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग देवाने सांगितलं, आता तुम्ही मोजा. आजचा एक. मग दोन. कुणी दिलेला नाही, कुणाला द्यायचा नाही. म्हणून वाढवत जायचं. कमी करायचं ते कैद्याचं."

हे ऐकून मला धक्का बसला होता, खरं सांगतो. सहा वर्षं मी त्या माणसाच्या घरी जेवत होतो आणि त्याने दोन वर्षं वार न कळता काढली हे मला ठाऊक नव्हतं. धक्का बसला, आणि दर वेळी होतं तसं, जेवण झाल्यावर मी विसरलो.

तो शनिवार. दुपारचे चार वाजले असतील. आमच्या घरी शनिवारी चूल पेटत नाही. शुक्रवारचं शिळं सकाळीच संपलं होतं. सासरे आत झोपलेले. बायको मागच्या दारी घरमालकिणीजवळ. मागून मागाचा ठकठक आवाज. मी सकाळी कँपात प्रार्थनेला जाताना घातलेलं जाकीट अजून अंगात, पोटात भूक, आणि समोर कोनाड्यात तंबाखूचा जुना डबा. उघडला. आत शेंगा. वाळलेल्या, टपोऱ्या, जणू माझ्यासाठीच निवडून ठेवलेल्या. शिंक्यात गुळाचा खडा होता.

एक सोलली. मग दुसरी. शेंगेचं असं आहे की ती एक कधीच खाता येत नाही. हातात नवी शेंग घेतली आणि एवढ्यात मागच्या दारातून बायकोचा आवाज आला,

"अहो, डबा कोनाड्यातच हाय न्हवं? शेंगांचा?"

का ते मला आजही सांगता येणार नाही, पण हातातली शेंग मी झटकन जाकिटाच्या खिशात टाकली. चोरी करताना सापडलेल्या पोरासारखी. तोपर्यंत मला चोरी आहे हेही माहीत नव्हतं.

"कसल्या शेंगा?" मी विचारलं.

"ओमेरच्या. बाबांच्या बोटातनं चिंचोके निसटत्यात म्हणून मंगळवारी बदलल्या. तुमाला काल सांगितलं की. तुमी लोळत पडला हुता."

माझ्या तोंडात बाराव्या शेंगेचा दाणा होता. तो मी गिळला नाही आणि थुंकलाही नाही. कानात मागाचा आवाज वाढत गेला. शत्रूने बराकीत काठीने मोजलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मोजून ठेवलेले दिवस मी सोलून खाल्ले होते, आणि वर गूळ चांगला आहे असंही मनात म्हटलं होतं.

पण मी वखारीतला कारकून. लाकूड चोरीला गेलं तर बुंधे मोजून किती गेलं ते काढणारा. घाबरायचं कशाला? समोर टरफलं होती. एका शेंगेची दोन अर्धुकं. मी ती मांडली. चोवीस अर्धुकं, म्हणजे बारा शेंगा. डब्यात उरल्या होत्या बारा. सैपाकघरातल्या पोत्यातून बारा आणून टाकल्या. बारा आणि बारा चोवीस. टरफलं घरमालकिणीच्या शेळीला घातली. पुरावा नाही, तूट नाही. इतका खूश झालो की हात धुऊन सासऱ्यांना उठवायलाही गेलो.

खिशातली शेंग माझ्या हिशेबात नव्हती. तिला टरफल सुटलंच नव्हतं.

संध्याकाळी तीन तारे दिसले, शब्बाथ, म्हणजे आमचा पाळायचा शनिवार, संपला. सासरे ओट्यावर आले, डबा मांडीवर घेऊन बोटांनी एकेक शेंग बाजूला करू लागले. मी शेजारी बसलो होतो, आत धाकधूक, बाहेर देवमाणूस. मोजून झालं. ते थांबले. पुन्हा एकदा मोजलं.

"चोवीस," म्हणाले. "काल पंचवीस म्हटल्यासारखे वाटतात."

"छे, मामा. काल चोवीसच."

"नक्की?"

"मी होतो की शेजारी."

होतो खरा. पण बायको म्हणाली तसा लोळत होतो. माझा विश्वास माझ्या कानावर नव्हता, टरफलांवर होता. पक्का हिशेब होता. त्यामुळे मी पक्कं बोललो.

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. मोतीबिंदूमुळे त्यांना माझा चेहरा दिसत नसणार, नुसता आकार दिसत असेल. "कैदेपासून माझा माझ्या डोक्यावर भरवसा नाही," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तर तसंच असेल." आणि उभे राहिले, बेराखा म्हणाले आणि मोठ्याने सांगितलं: आज पंचवीस दिवस, म्हणजे तीन आठवडे आणि चार दिवस. एक शेंग डब्यात टाकली. तिचा टक असा आवाज आला.

मी सुटकेचा श्वास टाकला. म्हणजे बघा.

रविवारी पहाटेच्या गाडीने गुंजीला गेलो. दुपारी वखारीत सागाच्या ओंडक्यांवर नंबर घालत होतो. ऊन मरणाचं. घाम पुसायला रुमाल हवा म्हणून जाकिटाच्या खिशात हात घातला, आणि बोटाला शेंग लागली.

मी ती बाहेर काढली आणि तळहातावर ठेवून बघत राहिलो. आमचा मुकादम समोर उभा होता. त्याने पुढे सांगितलं की साहेबांना साप चावला असं त्याला वाटलं. तोंड उघडं, हात पुढे, आणि हातात एक भुईमुगाची शेंग.

"काय झालं वो?" त्याने विचारलं.

"पंचवीस होत्या," मी म्हणालो.

"एकच हाय की."

त्याला काय सांगू? पंचवीसच होत्या. म्हातारा बरोबर होता आणि मी त्याला शपथेवर चूक ठरवलं होतं. काल सव्विसावा होता. त्याने पंचवीस म्हटलं. म्हणजे सव्वीस म्हटलेलाच नाही, आणि आजचा सूर्य गेला की कायमचा नाही. भर उन्हात दात वाजले, हे मी कधी कुणाचं ऐकलं नव्हतं.

स्टेशनात धावलो. म्हटलं, मास्तर, बेळगावला तार करा. ताबडतोब. स्टेशनमास्तर बाकावर आडवे होते, उठून बसले. कुणी मेलं असावं अशा चेहऱ्याने त्यांनी कागद ओढला.

"काय लिवू?"

"लिहा, एक शेंग कमी, आज सव्वीस म्हणा."

त्यांनी टाक खाली ठेवला. "कुणाला?"

"सासऱ्यांना."

"तुमचं सासरं स्टेशनात हाय का?"

"खासबागेत आहेत."

"मग स्टेशनातनं खासबागेत कोण जाणार? आणि हे बघा, मी असली तार केली तर वरचे म्हणणार, गुंजीच्या मास्तरला ऊन लागलंय. त्यापेक्षा लोंढ्याकडनं पॅसेंजर येतीय, तीत बसा. जाऊन तोंडानं सांगा." मग जरा वाकून, "सासऱ्यांची शेंग कमी म्हंजे काय वो, कोड्यात बोलताय व्हय?"

मी तिकीट काढलं. ती पॅसेंजर खानापूरला मालगाडीला वाट द्यायला उभी राहिली ती उभीच. सूर्य डब्याच्या उलट्या बाजूला गेला. मी गार्डाला जाऊन विचारलं, अजून किती? तो म्हणाला, येईल तेव्हा येईल. मी म्हणालो, सूर्य मावळायच्या आत बेळगाव गाठलंच पाहिजे. त्याने मला वरून खाली बघितलं. "न्हाय गाठलं तर काय, सूर्य तिकिटाचं पैसं मागतो?"

डब्यात बसून राहिलो. गाडी हलली, झाडं मागे गेली, देसूर आलं. कधी नव्हे ते मी मोजत होतो. स्टेशनं, खांब, सूर्य क्षितिजापासून किती हात आहे ते. सहा वर्षांत त्या घरी मी एवढा वेळ सूर्याकडे बघितलं नव्हतं. आणि सारखं तेच कानात येत होतं: तुम्ही म्हणता तर तसंच असेल. माणसाने दोन वर्षं वार हरवले, वीस वर्षं ते परत जोडत आणले, आणि माझ्या एका "छे मामा"वर हातातला खरा आकडा सोडून दिला.

बेळगाव स्टेशनात टांगेवाल्याला म्हटलं, शहापुरावरून खासबाग, घोडं मेलं तरी चालेल. तो म्हणाला, घोडं माझं हाय. तरी पळवलं त्याने.

गल्लीत शिरलो तेव्हा उन्हाची नुसती एक तांबडी पट्टी घरांच्या वरच्या अंगाला उरली होती. सासरे ओट्यावर, डबा शेजारी. बायको दाराशी कंदिलाची काच पुसत होती. मला रविवारी संध्याकाळी बघून तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. "काय झालं? नोकरी गेली?"

मी टांग्यातूनच ओरडलो, "मामा, काल सव्वीस होते. मी शेंगा खाल्ल्या."

गल्लीतले माग थांबल्यासारखे वाटले. मी ओट्यावर जाऊन धापा टाकत सगळं सांगितलं. बारा खाल्ल्या, टरफलं मोजली, पोत्यातल्या भरल्या, एक खिशात राहिली. बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू लग्नाच्या वेळी हा माणूस दुसराच कुणीतरी होता. सासऱ्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा कधी बघितला नाही. राग नव्हता. ओठ उघडे, डोळे कुठेच नाहीत, हात डब्यावर. बहुतेक वाळवंटातून बाहेर येऊन, आज वार कोणता, असं कुणी विचारल्यावर तो चेहरा तसाच झाला असेल. तो मी केला, शेंगा खाऊन.

मग ते उठले. एकदम, काठी न घेता. पश्चिमेकडे तोंड केलं. "सूर्य आहे का?"

"आहे, मामा. आहे अजून. म्हणा लवकर."

ते हलले नाहीत. "तुमच्या शब्दावर?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. साधा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. सागाचा ओंडका डोक्यात बसला असता तर बरं, असं वाटलं.

घरमालकीण माळवदावर वाळत घातलेल्या सुताच्या लडी गोळा करत होती. सासऱ्यांनी मान वर केली. "आक्का, सूर्य बुडाला का?"

"का वो, दादा?"

"आधी सांगा. बुडाला का आहे?"

ती वळली, हाताचा आडोसा केला. केवढा वेळ लावला तिने. "हाय की. निम्मा हाय. तांबडा लाल झालाय."

तेवढ्यात त्यांनी म्हटलं. बेराखा नाही, नुसता आकडा, पण आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला: आज सव्वीस दिवस, म्हणजे तीन आठवडे आणि पाच दिवस.

"आता बुडाला," माळवदावरून आवाज आला. "काय हुतं काय, ग्रहण?"

सासरे ओट्यावर बसले. अंधार पडला, तारे आले, ते पुन्हा उठले, आणि या वेळी बेराखेसकट म्हणाले, आज सत्तावीस. बायकोने पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, पण मला भरून यायचा हक्क आहे की नाही ते कळेना, म्हणून मी खाली बघत राहिलो.

"आता डबा बरोबर करू," ते म्हणाले. "आजची एक मी टाकली. कालची, ती तुमच्या खिशातली, द्या."

मी खिशात हात घातला. एका खिशात, मग दुसऱ्या. मग पहिल्यात पुन्हा. जाकिटाच्या तळाशी बोटांना टरफल लागलं. दोन अर्धुकं.

खानापूर ते देसूर. सूर्याकडे बघत होतो तेव्हा. देवाशपथ, चव आठवत नाही.

बायकोने कंदील वर धरला आणि माझ्या हातातली टरफलं बघितली. "बाबा," ती म्हणाली, "पुढल्या साली खडे ठेवा. आणि हे यायच्या आधी तेबी कुलपात."

पोत्यातून दुसरी शेंग आणून डबा पुरा केला. पुढचे बावीस दिवस मी गुंजीला होतो त्या संध्याकाळी काय झालं ते मला माहीत नाही, पण शनिवारी मी घरी असलो की डबा माझ्यापासून लांब, वर फळीवर असे आणि फळीखाली बायको बसलेली असे. मी स्वतः मात्र सत्तावीसपासून मोजू लागलो. बेराखेशिवाय. माझी साखळी तिसऱ्या दिवशीच तुटली होती, त्यामुळे नुसते आकडे. वखारीत एकटा उभा राहून संध्याकाळी म्हणायचो आणि मुकादमाला वाटायचं, साहेब ओंडके मोजतायत. तोवर मी आयुष्यभर ओंडके मोजले होते, दिवस नाही. ते वेगळंच लागतं. आजचा ओंडका उद्या मोजला तरी तो तिथेच असतो.

एकोणपन्नास झाले. पुरे, एकही न चुकता. त्या रात्री शेवटची शेंग टाकून सासरे डब्यावर हात ठेवून बसले होते म्हणे, आणि बायकोने जेवायला हाक मारली तर म्हणाले, थांब, आज वार कोणता ते मला माहीत आहे.

शाबुओथ झाल्यावर नवसाचा मलिदा केला. कँपातली पाच-सहा घरं आली, घरमालकीण आली, गल्लीतले विणकर आले. एलियाहू हनाबीचं स्तवन झालं. मलिद्याची ताटं फिरली, फळं वाटली. मग सासऱ्यांनी तो तंबाखूचा डबा मागवला. बायकोने त्यातल्याच शेंगा भाजून आणल्या होत्या. ते म्हणाले, हे माझे दिवस आहेत, प्रत्येकाने एकेक घ्यावा. आणि स्वतः उठून, चाचपडत, एकेकाच्या हातावर एकेक शेंग ठेवत निघाले. स्तवन म्हणणाऱ्या गुरुजींच्या, मग घरमालकिणीच्या. तिने ती कपाळाला लावली. शेजारच्या पोराला दोन मिळाल्या.

मी रांगेत होतो. हात पुढे केला, दोन्ही, नम्रपणे. सगळ्यांचं लक्ष होतं, आणि मला वाटलं, आता माफी. त्यांनी माझे हात चाचपले, कुणाचे ते ओळखलं आणि डबा छातीशी धरला.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही तुमचे आधीच खाल्लेत. बाजूला व्हा, मागची माणसं उभी आहेत."